डावीकडचं खोकं

३ फेब्रुवारी

शहाण्या,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की परत करायचे ते तुझं तू बघ. तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस हे कळायला मला दोन वर्षं लागली. मी आपली समजत होते, तुझ्याकडे रेंज नसते. म्हणून आता पत्र. पत्र काही अडवता येत नाही.

तुझी सहाशे पिल्लं काल आमच्याच हॅचरीतून गेली. तू एजंटाकडून घेतलीस, तुला कुठून कळणार ती कुठली. गाडीच्या यादीवर तुझं नाव होतं आणि मधोमध बाबांचं. बाबांचं नाव असं कामाच्या ठिकाणी, खिळ्याला टांगलेल्या कागदावर दिसलं आणि मी ते तीनदा वाचलं. विम्याच्या ऑफिसातली बसायची नोकरी सोडून तू कोंबड्या पाळणार, हे मला एजंटाच्या कागदावरून कळावं. त्याच्याकडे तुझं ते पत्रकही होतं, हा पत्ता त्यावरूनच घेतला. 'मोकळ्या, आनंदी कोंबड्यांची अंडी'. चित्र छान काढलं आहेस. लहानपणी तुझ्या कोंबडीला चार पाय असायचे, आता दोनच आहेत.

चिडू नकोस, कामाचं सांगते. पहिले आठ दिवस ऊब सांभाळ. पिल्लं दिव्याखाली एकावर एक गोळा झाली तर त्यांना गार लागतंय. भिंतीला जाऊन चिकटली तर उकडतंय. पसरून बसली तर तू पास. लाकडाचा भुसा कोरडा ठेव आणि रोज वरखाली कर.

आणि हो, जमलं तर पिल्लांचे पंख उघडून बघ. सगळ्यांचे नको, एका खोक्यातल्या दहा-वीस पिल्लांचे बघ. पत्र मिळाल्या दिवशीच बघ. मादीच्या पंखात एक पीस लांब आणि एक आखूड असं असतं, नराची सगळी सारखी असतात. बघायला मजा वाटते, म्हणून सांगितलं. बाकी काही कारण नाही.

तुझी नावडती ताई

१२ फेब्रुवारी

शहाण्या,

उत्तर येणार नाही हे ठाऊकच होतं, तरी रोज कामावरून आले की आधी दाराखाली बघते. तुझे भाऊजी म्हणतात, विजेच्या बिलाची एवढी वाट बघणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नाही.

किती मेली? पहिल्या आठवड्यात शंभरातलं एखादं जातंच, मनाला लावून घेऊ नकोस. पण तू लावून घेणार. तुझा स्वभाव मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी मी घरी विसरलेला चष्मा द्यायला तू हॅचरीत आलास आणि वॉचमनने तुला थेट आत सोडलं. तू काचेपलीकडे उभा राहिलास. पाच मिनिटांत तुझा चेहरा पांढराफटक. मग अंगणात, सगळ्या बायकांसमोर मला खाटीक म्हणालास. यापुढे तुझ्या हातचं पाणी पिणार नाही, म्हणालास. त्या सकाळी माझ्याच हातचं तीन अंड्यांचं ऑम्लेट खाऊन आला होतास, हे मला तेव्हा सुचलं नाही, नाहीतर तिथेच तोंडावर मारलं असतं. आपलं असंच, उत्तर नेहमी बस सुटल्यावर सुचतं.

आई गेली तेव्हाही तू माझ्याशी बोलला नाहीस. मी तेही गिळलं.

आता तूच त्या धंद्यात आला आहेस, म्हणून तुला ते काम नीट सांगते. तू तेव्हा बघितलंस ते अर्धवट. एका तासात हजार-बाराशे पिल्लं माझ्या हातून जातात. उचलायचं, अंगठ्याने पंख पसरायचा, बघायचं, सोडायचं. मादी उजवीकडच्या खोक्यात. नर डावीकडे, टेबलाच्या भोकात. भोकाखाली पट्टा आहे आणि पट्टा जिथे जातो त्याला आम्ही नुसतं 'खाली' म्हणतो. बावीस वर्षांत मी एकदाही खाली गेलेली नाही. खालची माणसं वेगळी, त्यांची जेवायची खोलीही वेगळी.

नर का वाढवत नाहीत, असं तू तेव्हा ओरडून विचारलं होतंस. अरे, ही अंड्याची जात. हिचा नर चार महिने खाऊन जेवढा होतो, तेवढा ब्रॉयलर पाच आठवड्यांत होतो. त्याला कोण विकत घेणार? अंडी तो देत नाही, मांस धरत नाही, खाद्य मात्र बहिणीएवढंच खातो. भावाला जेवू घालायचं नाही, म्हणून बहिणीचं अंडं स्वस्त. हे पाप माझ्या एकटीच्या डोक्यावर का, ते मला अजून कळलेलं नाही. बाजारात पिशवी घेऊन येणारा एकही जण काचेपाशी येत नाही. तू आलास, एवढंच.

बघ, भांडायला लागले. पंख बघितलेस का?

ताई

२७ फेब्रुवारी

शहाण्या,

आता तुझी पिल्लं पंचवीस दिवसांची झाली. अजून दहा-बारा दिवसांनी नरांच्या तुऱ्याला लाली येईल. पुढे पंधरा दिवसांनी एखादा आरवायचा प्रयत्न करेल, आणि मग आंधळ्यालाही कळेल.

मी हे का लिहिते आहे ते सांगते. तुझ्या सहा खोक्यांपैकी एका खोक्यात नर गेले असावेत असं कानावर आलं आहे. शंभरच्या शंभर. सातव्या टेबलाचं खोकं. आतल्या चिठ्ठीवर सात आकडा असेल, झाकण टाकलं नसशील तर बघ.

त्या टेबलावर जी बसते तिला आम्ही डावखुरी म्हणतो, कारण ती डावखुरीच आहे. आठ वर्षं माझ्या शेजारी आहे. तिच्यासाठी टेबल उलटं मांडलेलं आहे, खोकं डावीकडे आणि भोक उजवीकडे. फार विनोदी बाई. वॉचमनने झडती घेतली की म्हणते, साहेब, डावा खिसा नीट बघा, चोरी मी त्याच हाताने करते. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून पाच माणसं तिच्या एकटीच्या पगारावर आहेत.

तू तक्रार केलीस की चिठ्ठीवरचा आकडा बघतील आणि तिला त्या दिवशीच घरी पाठवतील. आमच्याकडे शंभरात दोन चुका माफ असतात, शंभरात शंभर नाहीत. म्हणून हात जोडते. तक्रार करू नकोस. शंभर पिल्लांचे पैसे मी मनीऑर्डरने पाठवते.

माणसाकडून चूक होते रे. तिच्याकडूनही झाली असेल.

ताई

७ मार्च

मागचं पत्र फाडून टाक. फोडलं नसशील तर न फोडताच फाड.

गेले आठ दिवस डबा तसाच परत नेते आहे. टेबलाशी प्रत्येक पंख दोनदा बघते, म्हणून सुपरवायझर दोनदा मागे येऊन उभी राहिली. डावखुरी माझ्या डब्यात तिची भाजी वाढते आणि विचारते, बाई, बरं नाही का. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

ती चूक तिची नाही. माझी आहे.

आमच्यात जागा धरायची पद्धत आहे. एखादीला तास-दोन तासांसाठी बाहेर जायचं असेल तर रजा मागायची नाही, कारण तासाभराच्या रजेला अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. जिचं काम आटोपलं असेल तिने तिच्या टेबलावर बसायचं आणि तिच्याच चिठ्ठ्या खोक्यात टाकायच्या. मग सुपरवायझरला पाठमोऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. नाव कोणी घ्यायचं नाही, हा नियम. त्या दिवशी डावखुरीची दाढ ठणकत होती, गाल पुरीसारखा सुजलेला. ती दात काढायला गेली आणि मी सातव्या टेबलावर बसले.

मला माहीत होतं टेबल उलटं आहे. पहिली दोन खोकी मी नीट भरली, मनातल्या मनात 'मादी डावीकडे, मादी डावीकडे' असं घोकत. तिसरं खोकं मांडलं आणि तेवढ्यात सुपरवायझरने पुढच्या गाडीची यादी समोरच्या खिळ्याला अडकवली. त्यावर तुझं नाव, बाबांचं नाव. मी वाचतच राहिले. तू कोंबड्या पाळणार? तू? कुठे, कशावर, एकटा? डोळे यादीवर आणि हात आपले बावीस वर्षांच्या सवयीने चालू. नर डावीकडे, मादी उजवीकडे. दहा मिनिटांत खोकं भरलं, झाकण लागलं, ट्रॉलीवर चढलं. चौथं खोकं ओढताना लक्षात आलं. डावीकडच्या खोक्यात सगळे नर गेले होते आणि शंभर माद्या उजव्या भोकातून खाली.

मी उठले. परत बसले. चौथं खोकं भरायला घेतलं.

सांगावं तर डावखुरी कामावर नाही हे उघड. न सांगावं तर ते खोकं तुझ्याकडे. मी स्वतःला म्हटलं, तिच्यासाठी गप्प बसते आहे. खोटं. मी माझ्यासाठी गप्प बसले. माझा हात बावीस वर्षांत चुकलेला नाही हे सगळी हॅचरी जाणते, आणि मला ते फार आवडतं.

आणखी एक. पहिल्या पत्रात पंख बघ म्हणून लिहिलं ना? पंखांचा फरक दोन-तीन दिवसच दिसतो. नंतर सगळ्यांची पिसं सारखी. पोस्टाला चार दिवस लागतात, आणि हे पेटीत पत्र टाकताना मला पक्कं माहीत होतं. मी ते तुझ्यासाठी नाही लिहिलं. पुढे मला म्हणता यावं की मी सांगितलं होतं, म्हणून लिहिलं. अशी आहे तुझी ताई.

मला रडू कशाचं येतं सांगू? त्या शंभर माद्यांचं. चुकून गेल्या म्हणून. आणि त्याच दिवशी बरोबर काम करून मी चार-पाच हजार नर खाली सोडले, त्यांच्यासाठी डोळ्यांत टिपूस नाही. पोटभर जेवलेही. हे कोणतं मन म्हणायचं, तूच सांग. चूक झाली नसती तर मला ही पिल्लं दिसलीच नसती. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, आपल्या तोंडाने आपली फाशी कोण मागतं, गप्प राहा. त्यांचंही काही चुकत नाही.

तू तक्रार कर किंवा नको करू. पण केलीस तर माझं नाव घालून कर.

ताई

२१ मार्च

तू तक्रार केलीस. आणि माझं नाव घातलं नाहीस. म्हणजे पत्रं फोडलीच नाहीस.

आज सकाळी एजंट खोक्याचं झाकण घेऊन आला. आत चिठ्ठी चिकटलेली, वर तारीख, वेळ आणि सात. मॅनेजरसाहेबांनी पट्टा थांबवायला लावला. पट्टा बंद झाला की त्या खोलीत नुसता चिवचिवाट ऐकू येतो. एरवी तो ऐकू येत नाही.

त्यांनी डावखुरीला पुढे बोलावलं. शांत आवाजात बोलतात ते, तेच जास्त लागतं. म्हणाले, एखाददुसरं नाही, अख्खं खोकं, झोपली होतीस का. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. तारीख तिने दोनदा वाचली. मग हळूच गालावर हात ठेवला, तिची दाढ होती तिथे, आणि मला कळलं की तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली मान घालून म्हणाली, झालं असेल साहेब, आठवत नाही.

नाव घ्यायचं नाही, हा नियम ती पाळत होती. पाच माणसांचं जेवण जात असताना. आणि मी चार हातांवर उभी. खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात आलं की आता हे मिटलंच आहे. एवढा एक क्षण काढला की मी सुटले. 

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी सातव्या टेबलावर मी होते. खोकं माझं आहे."

मग ती कुठे होती, कोणी परवानगी दिली, हे किती वर्षं चालू आहे, सगळं निघालं. डावखुरीला आठ दिवस बिनपगारी. बाकीच्यांना ताकीद, जागा धरणं बंद. मला दुपारपर्यंत सामान उचलायला सांगितलं. सामान म्हणजे एक चष्मा आणि एक रिकामा डबा.

फाटकापाशी डावखुरी उभी होती. मला वाटलं, काही बरं बोलेल. ती म्हणाली, "त्या दिवशी गाडी वीस मिनिटं इथंच उभी होती. मी आले तेव्हा चालक चहा पीत होता. तेव्हा का नाही बोललीस?"

  बस कधीच सुटली, तरी याचं उत्तर सुचत नाही.

हॅचरी तुला कळवणार आहे की संबंधित बाईला काढलं. नावासकट कळवतील. मग तरी फोडशील.

ताई

४ एप्रिल

शहाण्या,

तुझं पत्र आलं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच मुंगीच्या पायाचं आहे. पाच ओळी. भाऊजींनी चार वेळा विचारलं काय लिहिलंय, म्हणून शेवटी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुलाही वाचून दाखवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला कळेल.

"ताई, पत्रं सगळी आज फोडली. कोंबडे त्र्याण्णव आहेत. माद्यांना टोचून रक्त काढतात, आपसात मारामाऱ्या करतात. खाटकाला विचारलं, तो म्हणतो ही हाडं कोण घेणार. खाद्य दहा दिवसांचं उरलं आहे. तुला कापता येतं ना?"

यात टोमणा आहे का, ते मी खूप शोधलं. सापडला नाही. घाबरला आहेस, तेवढं दिसलं.

नाही रे. मला कापता येत नाही. मला खाटीक म्हणालास, आणि मी एवढी चिडले, त्याचं कारण मलाही आता कळतंय. बावीस वर्षांत मी एकही कोंबडी मारलेली नाही. मी फक्त हात उघडला. वर आम्ही नुसत्या निवडणाऱ्या, खाली नुसते बटण दाबणारे, बाजारात नुसते विकत घेणारे. मारणारा कोणीच नाही, आणि वर्षाला लाखो मरतात. फार सोयीची व्यवस्था आहे. तुझ्या पत्रकातल्या आनंदी कोंबड्यासुद्धा तिच्यातूनच आल्या. वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे त्र्याण्णव चुकून तुझ्या डोळ्यांसमोर आले. बाकीच्या पाचशे माद्यांचे पाचशे भाऊ त्याच दिवशी गेले, नियमाप्रमाणे, कोणाची चूक न होता. तुला पोसायचे असतील तर पोस, मी हसणार नाही, येऊन कुंपण घालायला मदत करीन. फक्त मग पुढच्या वेळी सहाशे मागवताना बाराशेंचं खाद्य मोज आणि अंड्याचा भाव तसा लाव. लोक घेतात का बघू. घेतली तर मला आनंदच आहे.

पण तुझं पत्र पोसण्याबद्दल विचारत नाही, म्हणून मी परवा आमच्या कोपऱ्यावरच्या खाटकाकडे गेले. म्हटलं, मला शिकवा. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. त्याने पाय कसे धरायचे, पंख काखेत कसे दाबायचे, सुरी कुठून न्यायची ते दाखवलं. एक कोंबडी माझ्या हातात दिली. अंग केवढं गरम असतं रे. लाखो पिल्लं हातातून गेली पण एवढा वेळ एकही हातात राहिलं नव्हतं. सुरी फिरवली आणि ती जोरात हलली, मी घाबरून सोडायला गेले, तर तो ओरडला, सोडायचं नाही, शांत होईपर्यंत धरून ठेवायचं, नाहीतर तिला जास्त त्रास होतो. मी धरून ठेवली. नंतर त्याच्या नळाखाली हात धुतले आणि तिथेच ओट्यावर बसून रडले. त्याने मला पाणी दिलं आणि दुसरी कोंबडी आणली. दुसरी नीट जमली.

बुधवारच्या पहिल्या बसने येते आहे. दोन सुऱ्या आणते, धार लावून. तू मोठ्या पातेल्यात पाणी तापवून ठेव आणि आदल्या दिवशी त्यांना खाद्य घालू नकोस, पाणी मात्र घाल. तू पत्र लिहिताना मनात धरलं असशील की ताई येईल, काम उरकेल आणि तू घरात कान झाकून बसशील. तसं होणार नाही. तुलाही शिकवणार आहे, आणि तू शांत होईपर्यंत धरून ठेवणार आहेस.

निम्मे तू, निम्मे मी. त्र्याण्णवचे सारखे भाग होत नाहीत. वरचा एक मी घेईन, मी मोठी आहे.

ताई